अडलेली कडी, बोनाफाईडची रांग आणि दोन क्रेडिट : सगळ्या शाखांच्या मुलांना अडचण सोडवायला शिकवता येतं का?

खडूवाला | १२ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज लिहितोय, कारण गेल्या वर्षी घेतलेला एक वर्ग लवकरच पुन्हा गळ्यात पडणार आहे आणि या खेपेला तो जरा बरा घ्यायचाय.

तालुक्याच्या गावी एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणात मुलांना आपल्या शाखेबाहेरचा विषय घ्यावा लागतो, ओपन इलेक्टिव्ह. दोन क्रेडिट, म्हणजे तीस तास. कोणी पुढे येईना म्हणून मी 'व्यावहारिक समस्या निराकरण' असं भारदस्त नाव देऊन एक विषय उभा केला. कलेची २४ आणि वाणिज्यची २० मुलं आली. विज्ञानाच्या १४ जणांना फील्ड प्रोजेक्टच्या खात्यात घालून त्याच वर्गात बसवलं. (नियमात बसतं का, हे कृपया विचारू नका.) मुलांनी आठवड्याभरात नाव बदललं : अडचणींचा तास.

पहिल्या तासाला फळ्यावर लिहिलं, 'तुमच्या भोवतीच्या पाच समस्या'. दहा मिनिटांत ५८ कागद गोळा. बेरोजगारी, भ्रष्टाचार, प्रदूषण, लोकसंख्या, मोबाईलचे दुष्परिणाम. दहावीच्या निबंधमालेची अनुक्रमणिकाच. दुसऱ्या तासाला प्रश्न बदलला : 'आज सकाळी उठल्यापासून इथे येईपर्यंत कुठे कुठे अडलात?' आता कागद निराळे. गाडीची चावी भाऊ घेऊन गेला. झेरॉक्सवाल्याकडे सुट्टे नव्हते. बोनाफाईडसाठी तीन दिवस खेटे. आणि मुलींच्या अकरा कागदांवर एकच गोष्ट : मागच्या इमारतीतल्या स्वच्छतागृहाच्या मधल्या दाराची कडी लागत नाही. मैत्रिणीला बाहेर उभं करावं लागतं. मैत्रीण आली नसेल तर घरी जाईपर्यंत थांबायचं, आणि थांबता यावं म्हणून सकाळपासून पाणी प्यायचं नाही. मी त्या कॉलेजात नऊ वर्षं आहे. मला हे माहीत नव्हतं.

अर्ज तीन झाले होते. कडी दोनदा बदललीही होती. वर्गाला विचारलं, काय करायचं? एका सुरात उत्तर : चांगल्या कंपनीची कडी बसवा. म्हटलं, ठीक, पण आधी जाऊन बघा आणि दुरुस्तीचा शब्दही न काढता जे दिसतं तेवढंच लिहून आणा. बहुतेकींनी 'कडी खराब आहे' एवढं लिहिलं. बीए मराठीच्या एका मुलीने लिहिलं : "चौकटीत कडीचं भोक आहे, त्याच्या खाली बोटभर अंतरावर अर्धगोल चरा पडलाय. तिथला रंग खरवडून लाकूड दिसतंय."

तो कागद मी अजून जपून ठेवलाय. कडी भोकात जातच नव्हती, दर वेळी खाली आपटत होती. कडी धडधाकट, दार खाली आलेलं. वरच्या बिजागरीचे स्क्रू चौकटीत नुसते फिरत होते, भोकं मोठी झाली होती. सुतार दर वेळी नवी कडी दार असेल त्या उंचीला बसवून जायचा, महिनाभर चालायचं, दार आणखी थोडं ओघळायचं. शेवटी भोकांत फेविकॉल आणि काडेपेटीच्या काड्या ठासल्या, रात्रभर वाळू दिलं, जरा लांब स्क्रू पिळले. चाळीस रुपयांच्या आत काम.

माझं म्हणणं एवढंच आहे. ही पोरं उत्तराला भीत नाहीत, त्यांची गाडी प्रश्नापाशीच अडते. बारा-तेरा वर्षं त्यांना प्रश्न आयता छापून मिळालाय. लागणारे सगळे आकडे त्यातच दिलेले, नको असलेला एकही नाही. असा प्रश्न बाहेर कुठे भेटतो? जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ साली चार पायऱ्या सांगितल्या : प्रश्न समजून घ्या, बेत आखा, बेत पार पाडा, मागे वळून तपासा. आपण मधल्या दोन शिकवतो, पहिली आणि शेवटची गाळतो.

तर विचारायचं हे, की तीस तासांत काय घ्यावं, काय टाकावं, आणि मार्क कसे द्यावेत?

---

चहाटळ | १२ जुलै, रात्री १०:०५

मार्क चौकटीला द्या, सगळं सोसलं तिने. (दिवे घ्या.)

---

मंजिरी_भ | १२ जुलै, रात्री १०:३१

धागा आवडला. मीही शिकवते, वाणिज्य, त्यामुळे आधी दुखणं सांगते. आमच्याकडे असे प्रोजेक्ट कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, निष्कर्ष, स्पायरल बाइंडिंगसकट. गावाचं नाव तेवढं बदलायचं. एका वर्षी पाणीटंचाईवरच्या तीन प्रोजेक्टांत एकच विहीर होती, एकाच खोलीची, तीन वेगवेगळ्या तालुक्यांत.

तुमची मुलं चांगली निघाली म्हणून चाललं की काही युक्ती केलीत? आणि ५८ जणांना एक कडी कशी पुरली?

---

खडूवाला | १३ जुलै, सकाळी ७:१५

विहिरीवर हसलो, मग हसू गेलं.

मुलं चारचौघांसारखीच. युक्ती म्हणाल तर वही. छापील काही घ्यायचंच नाही असं पहिल्या दिवशी सांगितलं. शंभर पानी वही, हाताने लिहायची, तारखेसकट, आणि फाडलेलं पान दिसलं तर मार्क कापणार. पन्नासातले वीस मार्क अडचण नीट मांडण्याला : कोणाला, कुठे, कधी, किती, आणि हे कशावरून कळलं. दहा मार्क मोजमापाला. दहा मार्क चुकलेल्या अंदाजांना. हो, चुकलेल्याच. आधी काय वाटलं होतं आणि मग काय निघालं, असं निदान तीनदा लिहायचं. उरलेले दहा उपायाला. उपाय फसला तरी त्यातले सहा मिळतात. वहीची नक्कल करता येते, पण शेजाऱ्याचा चुकलेला अंदाज आपल्या नावावर खपवणं अवघड जातं.

एक गंमत. सत्राच्या शेवटी मला लेखी पेपरही काढायला लावला. प्रश्नपेढीत आधीच एक प्रश्न येऊन बसला होता : 'समस्येची व्याख्या सांगून तिची वैशिष्ट्ये स्पष्ट करा.' कोणी घातला ते शोधलं नाही. सोडवण्यासारख्या समस्या खूप आहेत.

गट पाच-सहा जणांचे केले, दहा गट. गटात तिन्ही शाखा हव्यातच. कडी एका गटाची. दुसऱ्याने वसतिगृहातला गळका नळ घेतला. 'पाणी वाया जातं' असं वाक्य घेऊन आले होते. एक लिटरची बाटली नळाखाली धरा म्हटलं. बारा मिनिटांत भरली. म्हणजे तासाला पाच लिटर, दिवसाला १२०. असे चार नळ निघाले. त्या दिवसापासून त्यांच्या अर्जाची भाषाच बदलली, 'वाया जातं' जाऊन 'रोज सुमारे पाचशे लिटर' आलं, आणि अर्ज टेबलावर पडून राहिला नाही.

---

टर्नर | १३ जुलै, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. आयटीआय करून बावीस वर्षं शॉप फ्लोअरवर आहे, भोसरीत.

सर, तुम्ही 'पाच वेळा का विचारा' शिकवत असाल तर जपून. टोयोटाच्या ताइची ओहनोंमुळे ती पद्धत जगभर गेली, चांगली आहे. पण मी जिथे आधी कामाला होतो तिथे त्याचा छापील फॉर्म झाला होता. पाच रकाने. पाचव्या रकान्यात कायम एकच उत्तर : ऑपरेटरचा निष्काळजीपणा, समज देण्यात आली. का, का, का करत माणसापाशी आलं की लोक थांबतात, कारण माणसावर खापर फोडायला पैसे लागत नाहीत.

एक प्रसंग सांगतो. सीएनसी लेथवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर, बोअरचा (आतल्या भोकाचा) साइज सुटायचा. रिजेक्शन सगळं पहिल्या पाळीत जास्त, म्हणून पहिल्या पाळीचा पोरगा खराब. दोन ऑपरेटर बदलले. एक हेल्पर होता, त्याने कोणी न सांगता रिजेक्ट पीसवर मार्करने वेळ लिहायला सुरुवात केली. आठवड्याने पेटीत बघितलं तर सकाळी सातचे पीस होतेच, पण चहानंतरचे आणि जेवणानंतरचे पहिले चार-पाच पीसही होते. मशीन थंड असतं तेव्हा स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, एका जागी, तापलं की थोडं सरकतं. मायक्रॉनमध्येच, पण आमचा टॉलरन्सही, म्हणजे मापात चालणारा फरकही, तेवढाच. सकाळी वीस मिनिटं मशीन रिकामं फिरवायला लागलो, प्रकरण मिटलं. त्या हेल्परने शाळा नववीत सोडली होती.

तेव्हा मुलांना 'का' विचारायच्या आधी 'केव्हा' विचारायला शिकवा. 'का'ला लोक मनाने उत्तर देतात. 'केव्हा'ला घड्याळ बघावं लागतं.

---

खडूवाला | १३ जुलै, दुपारी ३:०२

टर्नर, हे 'केव्हा' मी उचलतोय. पुढच्या वहीत पहिल्या पानावर जाणार.

---

अनुस्वार | १३ जुलै, रात्री ८:४८

सगळे कौतुक करतायत म्हणून विरोधी बाकावर बसतो.

'समस्या सोडवणं' नावाचं सुटं कौशल्य असतं, हेच मला पटत नाही. टर्नरना स्पिंडल सरकतं हे माहीत होतं म्हणून वेळ लिहिलेले पीस बघून उलगडा झाला. माझ्यासारख्याने तीच पेटी बघून म्हटलं असतं, चहानंतर पोरांना डुलकी लागत असेल.

यावर मानसशास्त्रात काम झालेलं आहे. चेस आणि सायमन या दोघांचा १९७३ चा बुद्धिबळाचा प्रयोग घ्या. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला तर निष्णात खेळाडू बहुतेक सोंगट्या जागच्या जागी मांडतो, नवखा चार-पाच मांडतो. त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या की निष्णाताची आघाडी जवळजवळ संपते. मोठी स्मरणशक्ती वगैरे काही नसतं, त्या विषयातले आकार डोक्यात साठलेले असतात.

दुसरं, गिक आणि होल्योक, १९८०. कोडं असं : पोटात गाठ आहे. किरण जोरात सोडले तर वाटेतला निरोगी भाग जळतो, हळू सोडले तर गाठ जात नाही. काय कराल? आपसूक उत्तर देणारे दहातले एखाद-दुसरे. मग लोकांना आधी एक गोष्ट वाचायला दिली. किल्ल्याच्या सगळ्या वाटांवर सुरुंग पेरलेत, मोठी फौज एका वाटेने गेली तर उडेल, म्हणून सेनापती छोट्या तुकड्या करून चहूबाजूंनी एकाच वेळी पाठवतो. उत्तर जवळजवळ हातात दिलंय : मंद किरण अनेक दिशांनी गाठीवर सोडा. तरी गोष्ट वाचून लगेच कोडं सोडवणारे दहातले तिघेच. 'त्या गोष्टीचा उपयोग होतो का बघा' असं सांगितल्यावर मात्र तीन चतुर्थांशांच्या आसपास लोकांना जमलं.

मग सर, कडी सोडवलेली मुलगी उद्या बँकेत लागली की तिथल्या घोळात तिला ती चौकट आठवेल, असं कशावरून म्हणता? त्यापेक्षा त्या तीस तासांत संख्याशास्त्र नीट शिकवा.

---

मंजिरी_भ | १३ जुलै, रात्री ९:१०

अनुस्वार, मुद्दा बिनतोड. पण संख्याशास्त्र आमच्याकडे नीटच शिकवतात हो. मीन, मिडियन, मोड पाठ असतात. दुकानदाराने सरासरी गिऱ्हाईक कसं काढायचं विचारलं तर मुलं म्हणतात, डेटा द्या.

---

खडूवाला | १३ जुलै, रात्री ११:५५

अनुस्वार, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. दोन तास विचार करून लिहितोय.

बरंचसं मान्य. विषयाचं ज्ञान नसेल तर नुसत्या पायऱ्या घोकून काही होत नाही. गटात तिन्ही शाखा हव्यात हा हट्ट त्यासाठीच. चरा दिसला मराठीच्या मुलीला, पण दाराचं वजन वरच्या बिजागरीला ओढतं आणि खालचीला दाबतं हे विज्ञानाच्या पोराने सांगितलं, आणि दोन कड्यांची जुनी बिलं बीकॉमच्या मुलाने ऑफिसातून काढून आणली. एकट्याला कोणालाच ते सुटलं नसतं.

पण गिक आणि होल्योक यांचाच पुढचा, १९८३ चा प्रयोगही आहे ना? एकच गोष्ट देण्याऐवजी एकाच धाटणीच्या दोन गोष्टी दिल्या आणि त्यांच्यात सारखं काय ते लिहायला लावलं, तर न सुचवताही कोडं सोडवणारे वाढले. गेल्या वर्षी मी हे केलं नाही, ही माझी चूक. प्रत्येक गट आपापली अडचण घेऊन बसला, दुसऱ्याची फक्त शेवटच्या सादरीकरणात ऐकली, तीही जांभया देत. या वर्षी दोन-दोन गटांच्या जोड्या लावतो. कडीवाल्यांनी टर्नरच्या लेथची गोष्ट वाचायची आणि दोन्हींत एकच काय आहे ते अर्ध्या पानात लिहायचं. जिथे दुखतंय तिथे दोष नव्हता, हे त्यांचं त्यांना दिसलं तर दिसलं.

बँकेत तिला चौकट आठवेल अशी हमी देत नाही. 'जाऊन बघ आणि दिसतं तेवढंच लिही' ही सवय लागली तरी मला तीस तासांचा पगार घ्यायला लाज वाटणार नाही.

---

बांधावरची_बाभळ | १४ जुलै, सकाळी ६:५०

मी शाळेत असताना आमच्याकडे आयबीटी होतं, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तिथून निघालेला अभ्यासक्रम. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस हाताने काम. वेल्डिंग, वायरिंग, रोपवाटिका, रक्तगट तपासणी. कामं खोटी नसायची, गावातल्या कोणाला तरी हवी असायची आणि त्याचे पैसे घ्यायचे. मी केलेलं पहिलं काम म्हणजे एका काकांच्या गोठ्याचं फाटक. एक इंच मोठं झालं. त्यांनी पैसे दिले नाहीत, आणि माझी टेप नंतर कधी चुकली नाही.

सर, तुमच्या वर्गात एवढंच घाला : समोर गिऱ्हाईक हवं. मार्क देणारा सर गिऱ्हाईक नसतो. आयआयटी मुंबईतही ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं सितारा नावाचं केंद्र १९८५ पासून आहे. भाचा तिथे होता. त्याला गावात मुक्काम करून नळयोजना का बंद पडते ते शोधायचं होतं. कागदावर पंप, टाकी, पाइप सगळं बरोबर. गावात राहिल्यावर कळलं की वीज रात्री येते आणि तेव्हा पंप चालू करायला कोणी नसतं.

---

तिसरा_बाक | १४ जुलै, दुपारी ४:२६

नमस्कार. मी नवीन सदस्य. सरांनी लिंक पाठवली नाहीये, मला मैत्रिणीने दिली. मी त्याच वर्गात होते, बोनाफाईडवाल्या गटात. एसवायबीकॉम, आता टीवायला. चुकलं तर सांभाळून घ्या.

सर आमच्याबद्दल काहीच बोलले नाहीत, म्हणून मीच सांगते. आमचं पहिलं वाक्य होतं 'क्लार्क काका हळू काम करतात'. सरांनी विचारलं, किती हळू? आम्हाला सांगता येईना. मग तीन दिवस ११ ते १ खिडकीजवळ उभं राहून मोबाईलवर वेळ लावली. काकांना वाटलं आम्ही तक्रार करणार, त्यामुळे पहिल्या दिवशी ते भयंकर फास्ट होते. तो दिवस धरला नाही.

एका मुलामागे सरासरी तीन मिनिटं. रांगेत ४० जण असतील तर शेवटच्याला दोन तास. मग सरांनी लिटलचा नियम सांगितला, १९६१ साली सिद्ध झालेला : रांगेची लांबी म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा थांबायचा वेळ. मला गणित आवडत नाही, पण हे आवडलं, कारण रांग मोजली की घड्याळ न बघता वेळ कळते.

पण खरी मजा पुढे. तीन मिनिटांतली काकांची लिहायची वेळ एक मिनिटाच्या आतच होती. बाकी सगळं बोलणं. "फी पावतीची झेरॉक्स?" "आणली नाही." "आयकार्ड?" "बॅगेत आहे, बॅग वर्गात आहे." मोजलं तर दर पाचांतले दोघं कागद अपुरे म्हणून परत जात होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत. म्हणजे रांगेतही पाचांतले दोघं तर कालचेच!

आम्ही म्हटलं, काय काय आणायचं त्याचा बोर्ड लावा. काका चिडले. म्हणाले, बोर्ड आहे की, चार वर्षं आहे. खरंच होता. खिडकीच्या आत, काकांच्या डोक्यावर. खिडकीशी पोचल्यावरच दिसायचा, म्हणजे दोन तास उभं राहिल्यावर. आम्ही त्याचा फोटो काढला, मोठी प्रिंट मारली आणि रांग जिथे सुरू होते तिथे जिन्याच्या भिंतीला चिकटवली. पुढच्या आठवड्यात परत जाणारे दहांत एक झाले. काका आता आम्हाला चहा विचारतात.

अनुस्वार सरांना एक सांगायचंय. सुट्टीत मी मामांच्या किराणा दुकानात बसले होते. गिऱ्हाइकं सारखी 'सुट्टे नाहीत' म्हणून भांडायची. मी दोन दिवस वहीत लिहून काढलं, कोणती वस्तू घेताना सुट्ट्यांचा वाद होतो ते. दूध. बाकी काही नाही. आता मामा संध्याकाळीच दुधाचे सुट्टे मोजून छोट्या डब्यात वेगळे ठेवतात. मला बोनाफाईडची रांग आठवली होती का ते माहीत नाही. वही घ्यावीशी वाटली एवढं खरं.

---

अनुस्वार | १४ जुलै, संध्याकाळी ६:११

तिसरा_बाक, मी सर नाही, पण स्वागत. एका मुलीवरून सिद्धांत ठरत नाही, हे म्हणायचा माझा हक्क राखून ठेवतो. दुधाचा डबा आवडला.

खडूवाला, फसलेलंही सांगा ना. दहा गटांतले सगळेच काही असे निघाले नसतील.

---

खडूवाला | १४ जुलै, रात्री १०:१९

फसलेले चार. पार्किंगवाल्या गटाने चुन्याने सुंदर पट्टे मारले, दोन दिवस गाड्या रांगेत लागल्या, तिसऱ्या दिवशी पहिला उशिरा आलेला प्राध्यापक आडवी लावून गेला. (तो मी नव्हतो. बहुधा.) एका गटाने कॅन्टीनचा कचरा महिनाभर तोलला, आकडे उत्तम, पण उपाय काढायचा राहूनच गेला, मोजण्यातच सत्र संपलं. एका गटात विज्ञानाच्या दोघांनी सगळं केलं, बाकीचे फोटोपुरते. चौथ्याची वही मला अजून मिळालेली नाही.

तिसऱ्या प्रकारावर माझ्याकडे औषध नाही. शाखांची सरमिसळ केली की बीएस्सीवाला आपोआप पुढारी होतो आणि बीएची मुलगी आपोआप 'सुंदर अक्षर' होते. या वर्षी मोजायचं काम विज्ञानाच्या मुलांना द्यायचंच नाही आणि लिहायचं काम त्यांनाच द्यायचं, असं डोक्यात आहे. कोणी करून पाहिलंय?

---

टर्नर | १५ जुलै, सकाळी ५:४०

आमच्याकडे सुपरवायझर रजेवर असतो त्या दिवशी हेल्पर जास्त बोलतात. पुढाऱ्यालाच मधल्या आठवड्यात दुसऱ्या गटात टाकून बघा.

---

तिसरा_बाक | १५ जुलै, सकाळी ११:०७

सर, इथेच सांगते, स्टाफरूमला कुलूप आहे. पावसाने ते मधलं दार फुगलंय. कडी नीट बसते, पण दारच पूर्ण मिटत नाहीये. शिपाई मामा म्हणतायत उद्या रंधा मारून घेतो सगळीकडून.

---

खडूवाला | १५ जुलै, सकाळी ११:३२

त्यांना थांबव. सगळीकडून तासलं तर उन्हाळ्यात फट पडेल. माझ्या टेबलाच्या खणात रंगीत खडू आहेत, किल्ली ग्रंथालयात. निळा खडू घे, दाराच्या कडेला वरपासून खालपर्यंत घास आणि दार जोर लावून मीट. चौकटीवर जिथे निळं उमटेल तेवढीच जागा घासतेय. त्याचा फोटो काढ आणि वहीत वेळ लिही, सकाळची वेगळी आणि दुपारची वेगळी. मी तिसऱ्या तासानंतर येतो.